शेवटचे पन्नास फूट : चालणे बेताचे असताना पक्ष्यांची छायाचित्रे कशी काढावीत

उजव्या पायाला पोलिओ झाला तेव्हा मी दीड वर्षाची होते. त्यानंतरची पन्नास वर्षे एक कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा लोखंडी आधार, आणि एक कुबडी यांच्या जोरावर माझे सगळे व्यवस्थित चालले, बँकेतली नोकरीसुद्धा. पुढे मात्र कुबडीचा भार सोसून सोसून खांदा बोलू लागला आणि आता सपाट जमिनीवर शंभर-सव्वाशे पावले ही माझी मर्यादा झाली आहे. त्यापुढे घडीची चाकाची खुर्ची लागते. पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा नाद मला लागला तो नेमका याच काळात. गेले आठ हिवाळे मी प्रामुख्याने भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर जाते आहे, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत ज्या चुका केल्या त्यांतल्या बहुतेक टाळता येण्यासारख्या होत्या. पोलिओ, संधिवात, पक्षाघात, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा निव्वळ वय यांमुळे ज्यांचे चालणे बेताचे झाले आहे आणि तरीही ज्यांना कॅमेरा घेऊन बाहेर पडायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. पक्ष्याच्या मागे धावणारा छायाचित्रकार बहुधा पक्ष्याची पाठच टिपतो. आपल्याला धावता येत नाही, त्यामुळे पक्षी जिथे येणार आहे तिथे आधीच जाऊन बसावे लागते, आणि हीच या कलेतली योग्य पद्धत आहे. आपली खरी अडचण पक्ष्यापाशी नसून गाडी जिथे थांबते तिथून बसायच्या जागेपर्यंतच्या अंतरात आहे. मी त्याला शेवटचे पन्नास फूट म्हणते. पुण्यापासून भिगवणपर्यंतचे शंभर किलोमीटर कोणीही नेऊन सोडतो. सहल फसते ती या पन्नास फुटांत.

१. आधी स्वतःची मापे कागदावर लिहून काढा

“मला थोडे चालता येते” हे वाक्य समोरच्याला काहीही सांगत नाही. सपाट जमिनीवर आधाराने किती पावले चालता येतात, किती इंच उंचीची पायरी चढता येते, किती उंचीच्या बैठकीवरून कोणाच्या मदतीशिवाय उठता येते आणि पाठीला टेका नसताना किती वेळ बसता येते, हे घरीच मोजून लिहून ठेवा. शेवटचे माप हाताचे आहे. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली साधारण एक किलोची असते. ती डोळ्यासमोर दोन्ही हातांनी धरून आकडे मोजा. माझे हात चाळिसाला थरथरू लागतात, म्हणजे एक किलोचा कॅमेरासुद्धा मी हातात धरून फार वेळ वाट पाहू शकत नाही. या एका चाचणीने माझे पुढचे बरेच पैसे वाचले.

खुर्ची वापरत असाल तर तिची रुंदी हाताने फिरवायच्या कड्यांसकट मोजा, आणि घडी घातल्यावरची लांबी-रुंदीही मोजा. भाड्याची गाडी ठरवताना सगळ्यात जास्त फसगत येथे होते. बहुतेक भाड्याच्या गाड्या सीएनजीवर चालतात आणि डिकीतली निम्मी जागा टाकीने व्यापलेली असते. पहाटे साडेचारला दारात आलेल्या गाडीत खुर्ची मावत नाही हे कळले की चालकाचाही दोष नसतो आणि आपलाही. फक्त सूर्योदय हातचा गेलेला असतो. गाडी ठरवतानाच डिकीचा फोटो मागवून घ्या.

२. “जवळच आहे” हे उत्तर स्वीकारू नका

ठिकाणाची चौकशी करताना “अपंगांसाठी सोय आहे का” असा प्रश्न विचारला तर उत्तर नेहमी “हो, या की” असेच मिळते. त्यामागे वाईट हेतू नसतो. सांगणाऱ्याला वाटते, आपण उचलून नेऊ. म्हणून प्रश्न मापात विचारावेत. गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत किती पावले? वाट मुरमाची आहे की काळ्या मातीची? वाटेत पायऱ्या असल्यास किती, आणि कठडा कोणत्या बाजूला? फाटक किती रुंद आहे? दुचाकी आत जाऊ नये म्हणून काही ठिकाणी नागमोडी लोखंडी फाटक लावलेले असते आणि त्यातून चाकाची खुर्ची अजिबात वळत नाही. काळी माती ओली असेल तर चाकाला थापीसारखी चिकटते आणि वाळली की तिच्या भेगांत पुढची छोटी चाके अडकतात, त्यामुळे मुरमाची वाट थोडी लांब असली तरी मी तीच पसंत करते.

याहून सोपा उपाय म्हणजे होडीवाल्याला किंवा वाटाड्याला गाडीपासून पाण्यापर्यंत मोबाइलवर चित्रण करत चालायला सांगणे. अर्ध्या मिनिटाच्या त्या चित्रफितीत सगळे दिसते. त्याशिवाय नकाशावरचे उपग्रहचित्र पाहून रस्ता कुठे संपतो तेही तपासा, परंतु धरणाच्या काठाबाबत त्यावर विसंबू नका, कारण चित्र कोणत्या महिन्यातले आहे हे कळत नाही आणि काठ दर महिन्याला सरकत असतो.

माझ्या अनुभवात तीन प्रकारच्या जागा आपल्याला मानवतात. पहिली म्हणजे गाडीतूनच पक्षी दिसतात असे माळरान. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य आकाराने लहान, सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, आणि तिथे चिंकाऱ्यांबरोबर चंडोल, माळटिटवी, वेडा राघू, हिवाळ्यात भोवत्या असे उघड्या माळावरचे पक्षी दिसतात. दुसरी जागा होडीची. भिगवण, ठाण्याची खाडी आणि गोव्यातल्या खारफुटीच्या वाटा त्यात येतात. गोव्यात चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्याकडे जाताना रायबंदरहून फेरीबोटीत गाडी थेट चढते, आपल्याला उतरावे लागत नाही, हा तपशील माझ्यासारखीला फार मोलाचा वाटतो. तिसरी जागा म्हणजे पाणथळीच्या कडेने जाणारा सपाट, कठडा असलेला रस्ता. नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्स परिसरात अशा जागा आहेत आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात.

निरीक्षण मनोऱ्यांच्या मोहात मात्र पडू नका. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, जिथे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ जागा आहे, मनोऱ्याच्या पायऱ्यांकडे पाहून मी एकदा डोळ्यांत पाणी आणले होते. नंतर वर जाऊन आलेल्या मैत्रिणीचे फोटो पाहिले आणि दुःख ओसरले. वरून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि गढूळ पाणी एवढेच दिसते. चांगले चित्र पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून मिळते आणि त्यासाठी धडधाकट माणसे चिखलात पालथी पडतात. आपण आधीच खाली बसलेले असतो. पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्याबद्दलही अनेक जण विचारतात. तिथले बरेचसे पक्षी किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या जंगलवाटेवरच गाठावे लागतात, त्यामुळे पहिल्या सहलीसाठी मी ते सुचवणार नाही.

३. महिना निवडताना पक्ष्यांइतकेच पाण्याकडे पाहा

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पावसाळ्यात ते भरते आणि पुढे सिंचनासाठी पाणी सुटत गेले की हिवाळाभर आणि उन्हाळाभर काठ मागे सरकत जातो. रोहित पक्षी चोच उलटी धरून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो, त्यामुळे पाणी उतरून उथळ पट्टे उघडे पडले की रोहितांचे थवे वाढतात. म्हणूनच सगळे सांगतात की फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. हा सल्ला चालणाऱ्यांसाठी योग्य आहे. आपल्यासाठी त्यात एक मेख आहे: ज्या कारणाने रोहित वाढतात त्याच कारणाने गाडी आणि होडी यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा तयार होतो.

पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीच्या अखेरीस गेले. फोनवर होडीवाल्या दादांनी छातीठोकपणे सांगितले होते, “ताई, होडी अगदी गाडीला लावतो.” दिवाळीनंतर ते खरेही असते. मी पोहोचले तेव्हा काठ दीडशे फूट मागे गेला होता, वर वाळलेली पापडी आणि खाली लोण्यासारखा गाळ. खुर्चीची पुढची चाके तिसऱ्या फुटालाच आत गेली. शेवटी दादांनी आणि त्यांच्या भावाने जाळ्यांवर टाकायची गोणपाटे आणून अंथरली, मागची उचलून पुढे, पुढची संपली की पुन्हा मागची, असे करत मला पाण्यापर्यंत नेले. त्याला पाऊण तास लागला, आणि तोवर ऊन डोक्यावर आले होते.

आता मी डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा मध्य हा काळ धरते. रोहितांची संख्या तेव्हा कमी असते, पण हिमालयापलीकडून आलेले पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि चित्रबलाक, चमचे, शेकाट्ये यांची रेलचेल असते, आणि काठ आवाक्यात असतो. पाऊस दर वर्षी वेगळा, त्यामुळे निघण्याच्या चार दिवस आधी फोन करून “आज होडी कुठे लागते आणि गाडीपासून किती पावलांवर” एवढे विचारून घ्यावे.

खाडीवर हाच हिशेब महिन्याऐवजी तासांचा असतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे बोटफेरी निघते. ती भरती-ओहोटीच्या वेळेवर चालते, त्यामुळे नोंदणी करताना वेळेबरोबरच त्या वेळी धक्का आणि बोट यांच्या उंचीत किती फरक असेल तेही विचारावे.

४. कॅमेरा निवडताना वजन आधी पाहा

दुकानात आणि ओळखीत सगळे जण १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स सुचवतात (हा आकडा जितका मोठा तितका दूरचा पक्षी जवळ दिसतो). ती लेन्स उत्तम आहे आणि सुमारे दोन किलोची आहे. कॅमेरा धरून पावणेतीन. बाटलीची चाचणी आठवा. मी ती घेतली, एक हिवाळा कपाटात ठेवली आणि तोट्यात विकली.

वजनाच्या हिशेबाने पाहिले तर पर्याय बरेच आहेत. निकॉन पी९५० हा लेन्स न बदलता येणारा कॅमेरा जेमतेम एक किलोचा आहे आणि त्याचे झूम २००० मिलिमीटरच्या तोडीचे आहे. बसलेल्या पक्ष्यासाठी त्याच्याइतके स्वस्त आणि दूरवर पोहोचणारे साधन मला माहीत नाही. उडत्या पक्ष्यामागे मात्र त्याचा फोकस धापा टाकतो आणि सलग फोटोंची एक फैर झाडली की तो काही क्षण अडकून बसतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर कॅननची आरएफ १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅमची आहे आणि सध्या मी तीच वापरते. तिचे भिंग लहान असल्यामुळे पहाटेच्या अंधूक उजेडात ती कमी पडते, हे मी जाणून आहे. हाताने पेलत नाही अशा भारी लेन्सने न काढलेल्या फोटोपेक्षा हलक्या लेन्सने काढलेला जरा दाणेदार फोटो केव्हाही बरा.

बोटांत जोर कमी असेल किंवा संधिवातामुळे बोट वाकत नसेल तर कॅमेरा घेण्यापूर्वी शटरचे बटण अर्धे दाबून धरण्याचा प्रयत्न दुकानातच करून पाहा, कारण फोकस त्यानेच लागतो. अनेकांना तेच जमत नाही. तसे असेल तर फोकसचे काम मागच्या बटणाकडे देता येते, किंवा पडद्याला स्पर्श करून फोटो काढता येतो, किंवा तारेचा रिमोट मुठीत धरून अंगठ्याने दाबता येतो.

५. आधार : कापडी पिशवी आणि दोन किलो राजमा

तिपाईचे, म्हणजे ट्रायपॉडचे, पाय खुर्चीच्या चाकांत अडकतात आणि होडीत ती उभी राहत नाही, त्यामुळे तिपाई घरीच ठेवावी. आपले खरे साधन म्हणजे बीन बॅग, कॅमेरा टेकवायची कडधान्याने भरलेली कापडी पिशवी. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घेतली तरी चालते. दोन कप्पे असलेली, मध्ये बसकी, अशी घोड्याच्या खोगिरासारखी शिवली तर ती गाडीच्या खिडकीच्या काचेवर दोन्ही बाजूंनी बसते. तिच्यात राजमा भरावा. तांदूळही चालतो, पण होडीत पाणी उडाले की तो भिजून फुगतो. पिशवी घरून रिकामी न्यावी आणि भिगवणच्या बाजारात दोन किलो राजमा घेऊन तिथेच भरावी, म्हणजे तेवढे वजन प्रवासात उचलावे लागत नाही. परत आल्यावर राजम्याची उसळ होते. मात्र पिशवी चिखलात पडली असेल तर घरच्यांना आधी सांगावे.

खुर्चीवर बसून फोटो काढायचे असतील तर एकपायी दांडा, ज्याला सगळे मोनोपॉड म्हणतात, तो दोन मांड्यांच्या मध्ये आसनाच्या कडेवर टेकवावा. कॅमेऱ्याचे वजन मांडीवर घेऊ नका. ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे त्यांना त्वचा दबल्याचे कळत नाही आणि जखम होते. खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावल्याशिवाय डोळा कॅमेऱ्याला लावायचा नाही हा नियम स्वतःला घालून घ्या. पक्षी दिसला की आपण नकळत पुढे झुकतो, आणि उतारावर खुर्चीही आपल्याबरोबर निघते.

६. गाडी ही सर्वांत चांगली लपण्याची जागा आहे

माळावरचा पक्षी माणसाच्या आकाराला जेवढा बिचकतो तेवढा उभ्या गाडीला बिचकत नाही. दार उघडून पाय खाली टाकला की चंडोल उडालाच म्हणून समजा. त्यामुळे गाडीतून न उतरणे ही आपली मर्यादा असली तरी माळरानावर तीच सगळ्यांसाठी शहाणपणाची रीत ठरते, आणि हे पाहून मला थोडा आनंद होतो हे कबूल करते.

काच अर्धी खाली करून तिच्या धारेवर बीन बॅग ठेवा आणि इंजिन बंद करायला सांगा, कारण चालू इंजिनाची थरथर लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये सरळ उतरते. मागच्या बाकावर बसावे, म्हणजे दोन्ही खिडक्या हाताशी राहतात. परंतु एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकायला त्रास होत असेल तर पुढे डावीकडे बसून चालकालाच गाडी वळवून लावायला सांगणे अधिक सोपे. सूर्य पाठीशी राहील अशी गाडी लावण्याची सवय चालकाला पहिल्या अर्ध्या तासात लागते. खिडकीला आतून गडद ओढणी लावली तर आतली हालचाल बाहेर दिसत नाही.

अभयारण्यात खासगी गाडी आत नेण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. तोंडी “चालेल” म्हटलेले फाटकावर चालत नाही. एका अभयारण्याच्या फाटकावर फोनवर होकार देणारे गृहस्थ रजेवर होते आणि तीन तासांचा प्रवास करून मी तिथूनच परतले. त्यानंतर मी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे किमान आठवडाभर आधी अर्ज देते, सोबत दिव्यांग ओळखपत्राची प्रत जोडते, गाडीचा क्रमांक लिहिते आणि लेखी परवानगीचा कागद जवळ ठेवते. मागितले म्हणजे मिळतेच असे नाही, पण नकार घरबसल्या मिळतो.

७. होडीत चढणे, बसणे आणि उतरणे

हा भाग सावकाश वाचा, कारण दुखापत होते ती येथेच.

मदत करणारी माणसे प्रेमाने काखेत हात घालून उचलतात. मलाही पहिल्यांदा तसेच उचलले, आणि आधीच दुखरा असलेला खांदा पुढे तीन आठवडे वर गेला नाही. आपल्याला कसे उचलायचे हे आपणच आधी सांगायला हवे, आणि चढायच्या क्षणी सांगून उपयोग नसतो. चहा पिताना सांगावे. सर्वांत सुरक्षित रीत अशी की काठावर हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसावे, एकाने पाठीकडून आणि एकाने पुढच्या पायांकडून खुर्ची धरावी, आणि माणसासकट खुर्ची होडीत ठेवावी. त्या वेळी होडीचे नाक चिखलात रुतलेले असावे आणि तिसऱ्या माणसाने मागे पाण्यात उभे राहून होडी धरलेली असावी. दोन माणसे पुरतात असे होडीवाले म्हणतील. तिसऱ्याचा आग्रह धरा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. ज्यांच्या हातांत जोर आहे त्यांना होडीच्या काठावर बसून, पाय एकेक करून आत घेत, मग खालच्या बैठकीवर सरकता येते.

होडीत चाकाच्या खुर्चीवर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहू नये. उंच बसले की होडी डुलते. मध्यभागी सहा-आठ इंचांचा पाट, त्यावर जाड उशी आणि पाठीला आडव्या फळीचा टेका ही बैठक मला तीन तास पुरते. स्वतःला कोणत्याही पट्ट्याने होडीला किंवा बैठकीला बांधून घेऊ नका. जीवनरक्षक जाकीट चढण्यापूर्वीच घाला आणि त्याचे सगळे बंद लावा. माझा कॅलिपर लोखंडाचा आहे. तो मी होडीत बसल्यावर काढून बाजूला ठेवते, कारण पाण्यात तो पायाला बांधलेला दगड ठरेल. जाकीट नसेल तर होडीत चढायचे नाही, मग समोर कितीही रोहित असोत. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या याच पाण्यात कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. एरवी तळ्यासारखे शांत दिसणारे पाणी वारा सुटला की किती बदलते हे काठावरचे लोक जाणतात. होडीवाला परत फिरूया म्हणाला तर वाद घालू नका.

आपल्याला कंबर वळवता येत नसेल तर होडी वळवावी लागते. उजव्या हाताने बटण दाबणाऱ्याला डावीकडचा पक्षी टिपणे सोपे जाते, त्यामुळे निघतानाच सांगून ठेवा की थवा आपल्या डाव्या हाताला, जरा पुढच्या अंगाला राहू द्यावा. सकाळी पूर्वेकडून गेले तर ऊन पाठीशी राहते. यंत्र लांबवरच बंद करून पुढे बांबूने रेटत जावे. रोहितांच्या माना एकाच वेळी वर उठल्या आणि सगळे पाय एकाच दिशेला चालू लागले की आपण जास्त जवळ आलो असे समजून तिथेच थांबायचे. काही होडीवाले पाहुण्यांना उडता थवा मिळावा म्हणून होडी सरळ आत घालतात. मी आधीच सांगते, “दादा, उडवायचे नाहीत.” खाण्यात गुंतलेला थवा दिवसातून दहा होड्यांनी उडवला तर त्याचे पोट कधी भरायचे?

थव्यापेक्षा मला खुंट जास्त आवडतात. उजनीच्या पाण्यात मच्छिमारांनी रोवलेल्या बांबूंवर आणि बुडालेल्या बाभळींच्या वाळक्या फांद्यांवर नदी सुरय, कवड्या खंड्या, कधी कैकर येऊन बसतात. ज्या बांबूवर ताजी पांढरी शीट दिसते तो बांबू हेरावा, होडी पन्नास-साठ फुटांवर ऊन पाठीशी घेऊन लावावी आणि गप्प बसावे. गेल्या जानेवारीत मी अशीच चाळीस मिनिटे बसले. कवड्या खंड्या आला, हवेत एका जागी पंख मारत थांबला, सूर मारला आणि बोटभर मासा घेऊन बांबूवर परतला. त्याने मासा तीनदा बांबूवर आपटला, मग चोचीत फिरवून डोक्याकडून गिळला. शेजारच्या होडीतले तिघे तोवर दोनदा जागा बदलून निघून गेले होते.

८. कॅमेऱ्याची मांडणी घरीच करून ठेवा

होडीत बसून मेन्यू चाळणे हा वेळेचा अपव्यय आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन ठरीव मांडण्या साठवता येतात. एक बसलेल्या पक्ष्यासाठी आणि एक उडत्यासाठी. होडी हलत असल्यामुळे बसलेल्या पक्ष्यालाही शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नेऊ नये. उडत्यासाठी १/२००० ते १/२५००. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडे, आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा, स्वयंचलित ठेवून त्याला ६४०० ची मर्यादा घालावी. पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर उजेड (एक्स्पोजर) अर्धा-पाऊण टप्पा (स्टॉप) कमी करावा, नाहीतर पिसांचा तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. उडत्या पक्ष्याचा सराव घराच्या खिडकीतून पारव्यांवर करता येतो, आणि पारव्यांचा तुटवडा निदान पुण्यात तरी नाही.

९. शरीराची काळजी

बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून आपण, विशेषतः बायका, आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करतो. ही सर्वांत वाईट चूक आहे. मला तिच्यापायी एकदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि पूर्ण जानेवारी घरात गेला. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या किंवा जेवणाच्या घरी उंच बैठकीचे शौचालय आहे का, उंबरा किती उंच आहे, हे विचारा. नसेल तर घडीची कमोड खुर्ची आणि आडोशाला जुनी साडी न्या. लाजण्यासारखे त्यात काही नाही, आणि भिगवणजवळच्या कुंभारगावातल्या ज्या घरी मी चिलापी माशाचे कालवण जेवते तिथल्या वहिनी आता स्वतःहून साडी बांधून ठेवतात.

पोलिओचा पाय हिवाळ्यात पटकन गार पडतो आणि पहाटे पाण्यावर तर तो लाकडासारखा होतो. लोकरीचा लांब मोजा आणि त्यावर शाल हवीच. कंबरेखाली संवेदना नसलेल्यांनी मोबाइलवर दर वीस मिनिटांनी गजर लावून हातांवर भार देत जागा बदलावी, कारण पक्ष्यांच्या नादात वेळेचे भान राहत नाही. नऊ-साडेनऊला परत फिरावे. त्यानंतर ऊनही कडक होते आणि पाण्यावरची हवा थरथरू लागल्याने फोटोही मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात.

१०. पिशवी भरताना

कागदपत्रे : आधार कार्ड, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, वन खात्याची लेखी परवानगी असल्यास ती, डॉक्टरांची चिठ्ठी, प्रवेश आणि कॅमेरा शुल्काची पावती. होडीवाल्याचा नंबर कागदावरही लिहून ठेवा. मोबाइल पाण्यात पडू शकतो.

साहित्य : कॅमेरा, दोन बॅटऱ्या, रिकामी बीन बॅग, मोनोपॉड, जाड उशी, जाकीट स्वतःच्या मापाचे असेल तर उत्तम, कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी, चार गोणपाटे, खुर्चीसाठी हवेचा पंप, कुबडीचे जादा रबरी बूट. हे शेवटचे विसरू नका. चिखलात बूट रुतून राहतो, कुबडी मात्र हातात येते.

परतल्यावर खुर्चीच्या पुढच्या चाकांच्या धुऱ्यांत अडकलेला गाळ त्याच दिवशी पाण्याने काढा, वाळला तर चाक अडखळते; कॅलिपरच्या गुडघ्याच्या सांध्याला तेलाचा थेंब द्या. आणि शेवटच्या पन्नास फुटांची नोंद वहीत करा, पुढच्या वेळी स्वतःसाठी आणि विचारणाऱ्या कोणासाठीही. माझ्या वहीतली गेल्या वेळची नोंद अशी आहे : “कुंभारगाव, जानेवारीचा दुसरा आठवडा. गाडीपासून होडी बत्तीस पावले. पहिली वीस मुरूम, खुर्ची चालते. पुढची बारा ओली माती, गोणपाटे लागली, चारच पुरली. चढवायला तीन माणसे. उतरताना काठ निसरडा, खुर्ची उलटी धरून मागे ओढत नेली, तेच बरे पडले. शौचालयाचा उंबरा सहा इंच.”